गुंडातलं ताक

लग्नाच्या पंगतीत वाढपी मठ्ठ्याची बादली घेऊन आला की मी ग्लासावर हात आडवा धरते. शेजारची बाई हमखास विचारते, "ॲसिडिटी का हो?" मी हो म्हणून मोकळी होते. खरं सांगायला बसले तर तिला पुढचा घास गिळणार नाही. मला ताकाची शिसारी आहे. दह्याची नाही, दुधाची नाही, तूप तर अजूनही मी भातावर डॉक्टरच्या नाकावर टिच्चून घेते. फक्त ताक. त्याचा वास आला की जिभेच्या मुळाशी तांब्याची चव चढते. साठी उलटून गेली, आता ते जायचं नाही, आणि जावं असं मला वाटतही नाही.

आमचं गाव आर्वी-तळेगाव रस्त्यापासून थोडं आत. घर मातीचं, कवेलूंचं, पुढे सपरी, मागे आवार, आणि आवाराच्या टोकाला ढोरांचा कोठा. त्या घरात माझी सकाळ व्हायची ती रवीच्या आवाजानं. माय, म्हणजे माझी आई, चुलीपाशी खांबाला दोरी लावून ताक घुसळायची, आणि ती घर्रर्र-घर्रर्र माझ्या झोपेत शिरायची. लोणी वर आलं की आवाज जड व्हायचा. मग गल्लीतली पोरं गडवे घेऊन दारात उभी राहायची आणि माय पळीनं ताक वाढायची. उरल्या ताकाची कढी. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी नाहीतर तुरीच्या दाण्याची आमटी, आणि कढी. तेव्हा मी कढी वाटीनं नाही, पातेल्याएवढ्या गंजानं प्यायचे. मायचा एक नियम मात्र कडक होता. ताक मातीच्या मडक्यात किंवा कल्हईच्या भांड्यात. एकदा मी घाईत देवापुढच्या पितळी गडव्यात ताक ओतून घेतलं तर तिनं माझ्या मनगटावर पळी हाणली होती. आंबट आणि नागडं पितळ-तांबं एकत्र आलं की ताक कळकतं, हिरवं होतं, माणूस ओकून ओकून मरतं, असं तिनं मला त्या दिवशी शिकवलं. ही पळी लक्षात ठेवा.

बाबा म्हणजे गावातलं सोवळं माणूस. भजनी मंडळाचे म्होरके, पहाटे विहिरीवर अंघोळ, ओलं धोतर, कपाळाला बुक्का. त्यांचा एक तांब्याचा गुंड होता, गुडघ्याएवढा उंच, पाण्यानं भरला तर एकट्या बाईला उचलणार नाही असा. देवाचं पाणी त्यात. त्याला त्यांनी कधी कल्हई लावू दिली नाही. नागडं तांबंच शुद्ध, कल्हई म्हणजे देवाच्या आणि पाण्याच्या मध्ये पडदा, असं त्यांचं शास्त्र होतं. रोज तो गुंड चिंचेनं आणि राखेनं घासायचं काम आमच्या मंदा वहिनीकडे. दादाशी लग्न होऊन ती आदल्याच उन्हाळ्यात तळेगावहून आली होती. मोठ्यानं हसायची, आणि हसताना तोंडावर पदर घ्यायला विसरायची. मायला ते आवडत नसे. मला मात्र ती आल्यापासून घरात कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं झालं होतं. मी अकरावीला आर्वीला जायचे, येताना तिच्यासाठी फुटाण्याची पुडी आणायचे, आणि आम्ही दोघी कोठ्यामागे बसून खायचो.

त्या वर्षी बाबांनी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरात पहिल्यांदा सोयाबीन घालायचं ठरवलं. शेतकी खात्याचा एक साहेब मारोतीच्या पारावर आला होता. त्यानं काळ्या भुकटीची पाकिटं दाखवली आणि सांगितलं की ही नुसती भुकटी नाही, यात जिवंत जिवाणू आहेत. बियाण्याला गुळाच्या पाण्यानं चोळायचे, सावलीत सुकवायचं, लगेच पेरायचं. मग ते मुळात शिरून गाठी करतात, हवेतलं खत ओढून झाडाला देतात आणि रोगाच्या किडामुंगीलाही जरा थोपवून धरतात. बायका भिंतीआड उभं राहून ऐकत होत्या, वहिनीही होती. पुरुषांनी पाकीट नाकाशी नेऊन तोंडं वाकडी केली. बाबांचं मात्र तसं नव्हतं. 'जिवंत' हा शब्द त्यांच्या डोक्यात जाऊन बसला. पाकीट त्यांनी सरळ देव्हाऱ्यात ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली. जंतूंची आरती करणारा माणूस मी जगात दुसरा पाहिला नाही.

आणि मग त्यांनी आपली अक्कल लावली. जिवंत आहे म्हणजे त्याला खायला लागणार, मुरायला वेळ लागणार, दह्याच्या विरजणासारखा. पेरणीच्या आधी दोन दिवस त्यांनी तो गुंड घासून घेतला, त्यात गुळाचं पाणी केलं, पाकीट ओतलं, आणि मायला हाक मारली, ताक आण म्हणाले. ताजं ताक घातलं की जिवाणू लवकर वाढतील म्हणे. माय मडकं घेऊन आली. मी उंबऱ्यात गहू निवडत होते. मायनं गुंड पाहिला, हातातलं मडकं पाहिलं, आणि ती थांबली. तिचे ओठ उघडले होते. बाबांसोबत भजनातले दोघंतिघं कौतुकानं बघत बसले होते.

"ओत ना," बाबा म्हणाले. "जित्ता आहे तो. उपाशी ठेवता येते काय त्याले?"

मायनं ओतलं. सगळं मडकं ओतलं, तोंड मिटलं, आणि आत जाऊन भाकरी थापायला लागली. मला वाटलं, जिवाणूंचं काही वेगळं असेल. पोरगी होते, माय गप्प आहे म्हणजे बरोबरच असणार, असं धरून चालले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवघर झाडताना वहिनीनं तो गुंड जरा बाजूला सरकवला. त्याच्या पुढच्या सकाळी तिला कावळा शिवला. आमच्याकडे बाहेर बसणं म्हणजे कोठ्याच्या कोपऱ्यात पोतं, जर्मलची एक पोचलेली ताटली, पाण्याला फुटक्या काठाचं मडकं, आणि ढोरांच्या शेपट्यांचा वारा. मीही दर महिन्याला तिथंच असायचे. शेणाच्या वासाचं मला कधी काही वाटलं नाही, शेण प्रामाणिक असतं. बाई जेवायला बसली की तिच्या पुढ्यात लांबून भाकर टाकतात ना, त्या टाकण्याच्या आवाजाची किळस मला आजही येते.

त्या सकाळी बाबांनी गुंडावरचं फडकं काढलं. वास असा आला की भजनातल्या म्हाताऱ्यानं पागोट्याचा शेव नाकाला लावला. आंबट, उग्र, आणि त्यात एक जुन्या पैशाचा वास. काठाला निळी-हिरवी कड चढली होती, वर फेस, फेसात मेलेल्या मुंग्या. बाबा तिथंच उकिडवे बसले. त्यांचा देव त्यांच्या डोळ्यांसमोर नासला होता. वळून त्यांनी विचारलं, याले कोणं हात लावला. मी तर मायकडेच बघत होते, कारण मला पळी आठवली होती, तांबं आठवलं होतं, आणि आता ती सांगेल अशी माझी खात्री होती. मायनं पदरानं हात पुसले.

"काल मंदानं गुंड सरकवलता," ती म्हणाली.

बस्स, एवढंच. पुढचं सगळं बाबांनी स्वतःच जुळवून घेतलं. आज बाहेर बसली म्हणजे तेव्हाच ती विटाळशी असणार, आणि तिचा हात लागला म्हणून जिवंत वस्तू मेली. वर जमिनीला पेरणीजोगा वाफसा आला होता, थांबायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी त्या घाणीवर गोमूत्र शिंपडलं, शुद्ध झालं म्हणाले, आणि ताडपत्रीवर सोयाबीन पसरून सगळं तेच चोळायला लावलं. चोळायला मी आणि माय. दाण्यांना हिरवट चिकट लेप बसला, माशा घोंगावत आल्या, माझ्या नखांत ते घाण पाणी शिरलं. आठवडाभर मी डाव्या हातानं जेवले. मायनं मात्र हात धुतले आणि दुपारी कढी केली.

वहिनी कोठ्यात बसून हे सगळं ऐकत होती. रिकामं पाकीट उकिरड्यावर फेकलं होतं, त्याच्या कोपऱ्यात भुकटी चिकटून राहिली होती. ते तिनं काडीनं ओढून घेतलं. ताटलीत गुळाचा खडा विरघळवला, तिला भाजून खा म्हणून दिलेल्या मूठभर कच्च्या सोयाबीनला ती भुकटी चोळली, पोत्याच्या सावलीत सुकवली, आणि मागच्या कुंपणाच्या कडेनं, जिथं खत नाही की काही नाही अशा उघड्या जमिनीत बोटानं खड्डे करून लावली. मी पाणी द्यायला गेले तर हसली. साहेबानं सांगितलं तसं करून पाहते म्हणाली. आपल्या नावाचं हे प्रकरण कुठवर जाणार, याची तिला त्या क्षणी कल्पना नव्हती.

सोयाबीन उगवलं. पण निंदणाच्या वेळी वावर पिवळं पडलं. शेजारच्या वावरातली तूर हिरवीगार, आणि आमचं कावीळ झाल्यासारखं. लोक धुऱ्यावर, बांधावर येऊन बघायचे, च्यक च्यक करायचे, आणि बाबा भजनाआधी प्रत्येकाला तीच गोष्ट सांगायचे. विहिरीवर बायका वहिनी आली की बादल्या बाजूला घ्यायला लागल्या. घरात तिनं बियाण्याला हात लावायचा नाही, मग धान्याला नाही, मग देवघरात जायचं नाही. हसणं तर कधीच बंद झालं होतं. शेवटी बाबांनी दादाला सांगितलं की हिला तळेगावले पोचवून दे, हिचा पाय या घराले मानवला नाई. दादा भाकरीचा चुरा करत बसला होता, त्यानं मान हलवली. कसली हलवली ते त्यालाच ठाऊक. माझा सख्खा भाऊ, पण त्या दिवशी त्याच्या ताटात माशी पडली असती तरी मी सांगितलं नसतं.

मी ऐकणारी नव्हते. आमच्या जीवशास्त्राच्या सरांनी शेंगवर्गी झाडाच्या गाठी दाखवल्या होत्या, गाठ नखानं फोडली आणि आत लाल निघाली तर ती जिवंत, काम करणारी. मी वावरात जाऊन झाडं उपटली. मुळं नुसती पांढरी, झाडून-पुसून ठेवल्यासारखी. मग कुंपणाकडे गेले. वहिनीची झाडं गुडघ्याला लागत होती, पानं काळीभोर हिरवी. एक उपटलं. मुळाला ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी लगडलेल्या. एक फोडली. आत लाल.

ते झाड मी तसंच मातीसकट नेऊन सपरीत बाबांच्या पुढ्यात धरलं. सांगितलं की हे वहिनीनं लावलं, तेच बियाणं, तीच भुकटी, आणि तेव्हा ती बाहेर बसली होती. तिच्या हातानं जिवाणू मरत असते तर हे काय आहे? गाठ फोडून दाखवली. बाबांनी पाय मागे घेतले. विटाळशीनं लावलेलं, आत रक्त असलेलं, देवाच्या घरात आणलं म्हणून माझ्यावरच ओरडले, आणि जागा पाणी टाकून पुसून घ्यायला लावली. माय दारात उभी होती. ते झाड तिनं पाहिलं, गाठी पाहिल्या, मी तिच्याकडे पाहिलं. ती फडकं आणायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी दादा पत्र्याची पेटी घेऊन पुढे, वहिनी मागे. जाताना मायनं तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, सगळं रीतसर. ज्या हातानं ताक ओतलं त्याच हातानं. वहिनी वाकली, पाया पडली, आणि मायनं तिला अखंड सौभाग्यवती हो म्हटलं. मी मागच्या दारानं कोठ्यात जाऊन ओकले. कढीच होती पोटात. त्या दिवसापासून मी ताकाला तोंड लावलं नाही.

पिकाची पाहणी करायला शेतकी साहेब आला तेव्हा वावर बघून त्यानं कपाळाला हात लावला. बाबांनी सुनेची कथा सांगायला घेतली. तो ऐकत होता, मध्येच त्यानं विचारलं की भिजवलं कशात होतं. बाबांनी अभिमानानं गुंड दाखवला.

"तांब्यात? आणि वर ताक?" तो म्हणाला. "अहो, तुम्ही लोक संत्र्यावर बुरशीला मोरचूद मारता ना? मोरचूद म्हणजे तांबंच. तेच तुम्ही दोन रात्री यांना पाजलं. कोण जगेल?"

बाबांनी गुंडात डोकावून पाहिलं. मला वाटलं, आता ते दादाला हाक मारतील, निदान विहिरीवर चार लोकांत सांगतील की सून निर्दोष होती, चूक माझी होती. त्यांनी काय केलं ऐका. पुढच्या बाजाराला कल्हईवाला बोलावला, आणि ज्या गुंडाला जन्मात कल्हई लागू दिली नव्हती त्याला आतून कल्हई करून घेतली. भाता फुसफुसला, नवसागराचा धूर झाला, गुंड आतून पांढरा चकचकीत निघाला, आणि बाबांच्या मते विषय संपला. मग दादाला तळेगावला पाठवलं की घेऊन ये तिला, आता काही हरकत नाही.

दादा एकटाच परत आला. वहिनीनं काय म्हटलं ते त्यानं मान खाली घालून सांगितलं. ती म्हणाली, "गुंडाले कल्हई केली म्हणता. लोकायच्या तोंडाले कोण करीन?" त्या घरात ती पुन्हा पाऊल टाकणार नव्हती. दादाला हवं असेल तर त्यानं घर सोडून यावं. दादा महिनाभर घुम्यासारखा फिरला आणि मग, काय संचारलं कोण जाणे, आर्वीला एस.टी. डेपोच्या मागे खोली घेतली आणि वहिनीला तिथं आणलं. माझ्या भावाच्या आयुष्यातली तेवढी एकच गोष्ट मला अभिमानानं सांगता येते.

आज दादाचा मुलगा आर्वीत कृषी केंद्र चालवतो. दुकानात जिवाणूंच्या बाटल्या असतात, द्रवरूप, रंगीत लेबलं, आणि तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो की पितळ-तांब्याच्या भांड्यात करू नका, बुरशीनाशकासोबत मिसळू नका. गावोगावी लोक प्लास्टिकच्या ड्रमात शेण-गूळ-बेसन घालून जिवाणू वाढवतात. चांगलंच आहे. परवा एक शिकलेला, मोबाइलवर भाव बघणारा शेतकरी दुकानात मला सांगत होता की आमच्या ड्रमाला घरातल्या बाहेर बसलेल्या बाईची सावलीसुद्धा पडू देत नाही, नाहीतर नासतो. मी त्याला म्हटलं, बाबू, तुझं डोकं ड्रमात घालून ढवळ, त्यानं नासतो का बघ. पुतण्या म्हणाला, आत्या, गिऱ्हाईक आहे.

बाबा गेले. गाव सुटलं. माय आता नव्वदीच्या घरात आहे आणि ती राहते आर्वीला मंदा वहिनीकडे. ज्या सुनेचं नाव तिनं पुढे केलं, तीच सून तिला अंघोळ घालते, वेणी घालते, चमच्यानं भरवते. मागच्या महिन्यात मी गेले होते. वहिनीनं मातीच्या मडक्यात ताक केलं होतं, मायला रोज लागतं. ती ग्लास धरून बसली होती, दात नाहीत, ओठांना पांढरी कड. मला काय झालं कोण जाणे, इतक्या वर्षांत न विचारलेलं मी विचारलं. तांब्यात ताक कळकते हे तुला माहीत होतं ना, माय?

"ओततानीच समजलं मले," ती म्हणाली. इतक्या सहज, जणू मी मीठ कुठे आहे विचारलं.

"मंग काऊन नाई बोलली?"

"तुया बापाचं चार लोकांत हसं झालं असतं."

"अन् मंदा वहिनीचं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, खरंच न समजल्यासारखं. "ते तं बाहेरून आलेली होती," ती म्हणाली.

मी मागे वळले. वहिनी दारात उभी होती, हातात पळी. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता काहीतरी फुटेल, फुटायलाच हवं होतं. ती माझ्याकडे बघून हसली, पण पदर तोंडावर घेऊन.

"मले तवाच ठाऊक होतं, शोभाताई," ती म्हणाली. "ताक तांब्यात कळकते हे माह्या मायनं मले शिकवलं नसन काय? कोठ्यात वास आलता. पण बाहेर बसलेलीचं कोण आयकते?"

म्हणजे त्या घरातल्या आम्ही तिघी बायका. तिघींना माहीत होतं. आणि गुंड चकचकीत करून घेणारा माणूस सोवळ्यात मेला. माझी जीभ तांब्यानं भरून आली होती. मायनं रिकामा ग्लास पुढे केला, अजून दे म्हणाली, लय गोड झालं. वहिनीनं आधी तिच्या हनुवटीवरून ओघळलेलं ताक आपल्या पदरानं पुसलं, मग ग्लास भरला. मी बाहेर येऊन चपला घातल्या आणि समोरच्या डेपोतून निघणाऱ्या पहिल्या गाडीत, ती कुठं जाते ते न बघता, चढून बसले.